काकूंचं ताट आणि न मरणाऱ्या पेशी

तुमच्या घरी कुणी आजारी असताना भेटायला आलेल्या पाहुण्याने पिशवीतून बाटली काढली आणि "हे रोज द्या, गुण येतो" असं सांगितलं, तर ती बाटली तुम्ही कधी त्याच्या हातात परत दिली आहे का? खरं सांगा. की "कशाला एवढं केलंत" म्हणत फळीवर ठेवलीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलंत?

मला हे विचारायची सवय घरातूनच लागली. आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. बाबा नोकरी सांभाळून पत्रकं काढत. मंतरलेल्या पाण्याविरुद्ध, मुलगाच होईल असं औषध विकणाऱ्यांविरुद्ध, कॅन्सरवरच्या झाडपाल्याविरुद्ध. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असत आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे. वाचायलाही मी त्या मथळ्यांवरच शिकले, त्यामुळे बरीच वर्षं माझी समजूत होती की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं.

तीच समजूत घेऊन मी क्योतोला पीएच.डी.ला आले. विषय होता स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात कशा, आणि मुख्य म्हणजे मरत का नाहीत.

शरीरातली पेशी म्हातारी झाली, बिघडली, की ती ठरवून मरते. जपानमध्ये राहायला लागल्यावर मला हे जास्त चांगलं कळलं. इथे कचरा टाकायचा म्हणजे आधी बाटलीचं झाकण वेगळं, वेष्टन वेगळं, बाटली धुऊन वेगळी, मग ठरलेल्या वारी ठरलेल्या पिशवीतून बाहेर. पेशी अगदी तशीच स्वतःला आवरते. आतलं सगळं सुटं करते, लहान लहान पुड्या बांधते, आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या उचलून नेतात. कुठे सांडलवंड नाही, आरडाओरडा नाही. याला अपॉप्टोसिस म्हणतात. स्वादुपिंडाचा कर्करोग झालेली पेशी नेमकं हेच विसरते. तिला औषधाने कितीही खुणावलं तरी ती आवरायला घेत नाही, वाढत राहते.

पण पेशीला मरायचा दुसराही एक मार्ग आहे, आणि माझी सगळी आशा त्याच्यावर होती. पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. आतल्या लोहामुळे ते आवरण खवट होऊ लागतं. हो, खवटच, जुन्या खोबऱ्यासारखं. चांगली पेशी हा खवटपणा सारखा पुसून काढत असते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशीला तर ही पुसापुशी सतत करावी लागते, कारण तिचा कारभारच मोठा. पुसायचं फडकं तिच्या हातातून काढून घेतलं, की आवरण विरतं आणि पेशी फुटते. याचं नाव फेरॉप्टोसिस. आमच्या लॅबमध्ये असं फडकं काढून घेणारं एक रसायन होतं. काचेच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशींवर ते घातलं की दुसऱ्या दिवशी डिशमध्ये नुसता चिवडा. मी खूश होते. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मथळा काय देऊ?"

ओसाकाच्या बाहेरच्या एका वस्तीत राहणारे काका-काकू ही माझी तिथली घरची माणसं. नात्याने कुणी नव्हेत. काका एका कंपनीच्या कामासाठी आले आणि राहिले. २०११च्या मोठ्या भूकंपात अणुभट्टी बिघडली, त्यानंतर त्यांच्या कंपनीतली बरीच कुटुंबं परत गेली होती. काकू गेल्या नाहीत. "ह्यांना आमटी कोण करून घालणार?" एवढंच त्यांचं कारण. त्या वर्षी भारतातून सगळ्या नातेवाइकांनी रेडिएशनवर उतारा म्हणून अर्क, चूर्णं, गोळ्या धाडल्या. ओसाका त्या सगळ्यापासून किती लांब आहे हे कुणी बघितलं नाही. काकूंनी एकही पुडी टाकली नाही. कुणी फोनवर विचारलं, "घेतलंत ना?" तर त्यांना खोटं बोलवत नसे, म्हणून त्या खरोखर घेत.

मी क्योतोला आले ते त्यानंतर काही वर्षांनी. गणपतीत ओळख झाली आणि मग रविवारचं जेवण त्यांच्याकडे ठरूनच गेलं. दुसऱ्या वर्षी काकांचं पोट दुखायला लागलं, डोळे पिवळे झाले, आणि तपासणीत निघालं ते मी रोज डिशमध्ये वाढवत होते तेच.

डॉक्टरांनी आधी केमोथेरपी सुरू केली. गाठ एका रक्तवाहिनीला खेटून होती. ती आक्रसली तर ऑपरेशन करता येणार होतं, आणि पुरतं बरं व्हायची शक्यता फक्त त्या ऑपरेशनमध्येच होती. काका हे सगळं रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत. "आधी लोकल, मग एक्सप्रेस. एक्सप्रेस चुकता कामा नये, बास." काकू तेव्हा स्वयंपाकघरात भांडी फार आवाज करत घासत.

त्याच दिवसांत माझं काम अडलं. तळाला चिकटलेल्या पेशी फार वर्षं काचेवर वाढून बिनघोर झालेल्या असतात. खऱ्या रुग्णाची गाठ वेगळी. म्हणून ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा कण रुग्णाच्या संमतीने मिळतो, आणि जेलीसारख्या गादीत त्याचे बारीक गोळे वाढवतात. मी त्या गोळ्यांवर तेच रसायन घातलं. काही झालं नाही. दुप्पट घातलं. गोळे छान, गोल, ठणठणीत. पुन्हा केलं. पुन्हा ठणठणीत.

लॅबच्या बैठकीत मी आलेख दाखवला. आमच्याकडे बैठकीत "तुझं चुकलंय" असं कुणी म्हणत नाही. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या प्राध्यापकांनी, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "मुझुकाशिई नेऽ." शब्दाचा अर्थ अवघड आहे. व्यवहारातला अर्थ, सोडून दे.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. खऱ्या माणसाची गाठ जर असं मरायलाच तयार नसेल, तर काकांना मी कोणत्या तोंडाने आशा दाखवू?

त्या रविवारी मी काकूंकडे गेले तेव्हा त्यांनी काकांच्या जेवणाआधी टेबलावर स्टीलचं ताट आणून ठेवलं. ताटात बाटल्या, डब्या, गोळ्यांची पाकिटं. प्रत्येकीवर पांढरी पट्टी, आणि पट्टीवर औषधाचं नाव नाही. 'ठाण्याच्या वन्सं.' 'मोठे भावजी.' 'नाशिकची मावशी.' 'ऑफिस.' 'खालच्या मजल्यावरच्या जपानी आजी.'

"हे काय आहे, काकू?"

"प्रेमाने आणलेलं आहे. काय असणार?"

"सगळं देता?"

"सगळं एकदम कसं देईन? वेडी आहे का मी? सकाळी सासरच्या, संध्याकाळी माहेरच्या. ऑफिसचं दुपारी. कुणाला वाईट वाटायला नको."

काका ताटाकडे बघून म्हणाले, "माझ्या पोटात सध्या दोन्ही घरांची बैठक असते. लग्नात जमलं नाही ते आता जमलंय."

मी वन्संची बाटली उलटी करून छापलेली अक्षरं वाचली. ई जीवनसत्त्व, भरपूर. मावशींची, हळदीचा अर्क. ऑफिसची, पुन्हा ई जीवनसत्त्व, वेगळ्या कंपनीचं.

"डॉक्टरांना सांगितलंय?"

काकू ताटातल्या बाटल्या सारख्या करायला लागल्या.

"ते विचारतात ना दर वेळी, आणखी काही घेता का?"

"विचारतात. मी नाही म्हणते. इतकी चांगली माणसं आहेत ती. त्यांना काय वाटेल, आमचा त्यांच्यावर विश्वास नाही? आणि सांगू तरी काय? जपानीत वन्सं कशा सांगतात?"

मग मी जे बोलले ते बाबांच्या सगळ्या पत्रकांची एकत्रित आवृत्ती होती. अडाणीपणा, प्रेमाच्या नावाखाली चाललेला धंदा, रुग्णाचा हक्क, विज्ञान. मी उभी राहून बोलत होते. काकूंनी शांतपणे काकांच्या पानात भात वाढला.

"झालं? तुझ्या बाबांची पत्रकं तू दिली होतीस ना मला, वाचलीत मी. कागद चांगला असतो. कपाटात घालते खाली."

"काकू, हसण्यावारी नेऊ नका!"

"हसत नाहीये. माझ्या हातात दुसरं काय आहे गं? ते सलाईनमधलं त्यांच्या हातात. स्कॅन त्यांच्या हातात. माझ्या हातात हे ताट आहे. तेही काढून घे. घे, ने."

काका म्हणाले, "जेवू या आता. भात निवतोय." आम्ही जेवलो. आमटीची चव मला आठवत नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी धुमसत बसले होते. एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं. सकाळी सासरच्या, संध्याकाळी माहेरच्या. हसू पण येत होतं. काकूंना माहीत होतं कुणी दिलं, कशात काय आहे ते माहीत नव्हतं. प्रेमाने दिलेलं म्हणून वाचायचं नाही. आणि योदो नदीवरचा पूल ओलांडताना मी ताडकन सरळ बसले. मी तरी माझ्या गोळ्यांना काय खायला घालत होते?

गोळे वाढवायच्या द्रवाची कृती मला माझ्या सेम्पाइने, वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने शिकवली होती. त्याला त्याच्या सेम्पाइने. आमच्याकडे अशी कृती हातातून हातात येते आणि जशीच्या तशी पाळायची असते. एखादा पदार्थ का घालायचा हे विचारणं म्हणजे शिकवणाऱ्यावर शंका घेणं. मीही विचारलं नव्हतं. उद्गारचिन्हांत वाढलेल्या मला तिथे एक प्रश्नचिन्ह सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कोट चढवण्याआधी मी त्या द्रवातल्या तयार मिश्रणाचा तपशील काढला. त्यात ई जीवनसत्त्व होतं. शिवाय खवटपणा रोखणारा आणखी एक पदार्थ, तोही चांगला मुबलक. नाजूक गोळे सुरुवातीला जगावेत म्हणून कुणीतरी काळजीने घातलेला. मी एका हाताने पेशींचं फडकं काढून घेत होते आणि दुसऱ्या हाताने नवं कोरं फडकं देत होते.

मी ते दोन पदार्थ वगळून द्रव केला, गोळ्यांना त्यात थोडं रुळू दिलं, आणि मग रसायन घातलं. पुढच्या तपासणीला सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्यांच्या कडा विस्कटलेल्या होत्या. पेशी फुगून फुटत होत्या. सगळे गोळे नाही. काही रुग्णांचे तसेच राहिले. पण बरेच फुटले. सेन्सेई आले, बराच वेळ डोळा लावून बघत राहिले, आणि या वेळी हवा आत न ओढता म्हणाले, "ओमोशिरोई." म्हणजे मजेशीर आहे. शोधनिबंध लिहिण्याच्या लायकीचं आहे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

बाबांना फोन केला. ते लगेच पेटले.

"म्हणजे ई जीवनसत्त्व कर्करोगाला वाचवतं! आजच लिहितो."

"बाबा, थांबा. डिशमध्ये वाचवतं. या रसायनापासून."

"आणि माणसात?"

"माहीत नाही."

"केमोथेरपीत?"

"नक्की माहीत नाही. वेगवेगळी मतं आहेत."

मग बाबा म्हणाले, "मग तसंच सांग तुझ्या काकूंना. मी आयुष्यात या मथळ्याचं पत्रक काढलं नाही. कुणी हातात घेतलं नसतं. पण तू सांगून बघ."

काकूंना लॅब दाखवावी असं काकांच्या मनात आलं. केमोथेरपीची फेरी संपून जरा ताकद आली होती. शनिवारी दुपारी दोघं आले. काकूंनी सेन्सेईंसाठी डिंकाचे लाडू आणले होते. दाराशी बूट काढून विद्यापीठाच्या हिरव्या सपाता घालताना त्या म्हणाल्या, "हे बरं आहे तुमचं. देवळासारखं." मी वाद न घालता लाडवांचा डबा हातात घेतला.

सूक्ष्मदर्शकाला पडदा जोडलेला होता. खवटपणाचं सगळं समजावत मी पहिली डिश दाखवली, नुसतं रसायन. फुटलेले गोळे. मग दुसरी, तेच रसायन आणि ई जीवनसत्त्व. गोल, गुळगुळीत, मजेत.

"हे खवट झालंय?" काकूंनी पहिल्याकडे बोट केलं.

"हो. आणि दुसऱ्याला खवट होऊ दिलं नाही."

"तेलाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, ई जीवनसत्त्वयुक्त. म्हणूनच घालतात का? तेल टिकायला?"

"त्यासाठीही घालतात."

त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. काका मागे स्टुलावर बसले होते. त्यांनी विचारलं, "हे गोळे कुणाचे?"

"ऑपरेशन झालेल्या कुणा रुग्णाचे. नाव आम्हाला सांगत नाहीत."

"बरा आहे ना तो?"

"तेही सांगत नाहीत, काका."

काकूंनी मागे न बघता विचारलं, "आणि ह्यांच्या पोटात? तिथे असंच होत असेल? मी रोज सकाळी ते... हे गुळगुळीत करत असेन?"

हाच तो क्षण होता. 'होय!' म्हटलं असतं तर ताट त्याच दिवशी कचऱ्यात गेलं असतं. पण काकूंच्या मनात आयुष्यभर काय राहिलं असतं, ते मला त्यांच्या पाठीकडे बघून दिसत होतं. आणि ते खरंही नव्हतं.

"माहीत नाही, काकू."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणालाच अजून नीट माहीत नाही. हे रसायन काकांना दिलेलंच नाही. डिशमध्ये रक्त नाही, लिव्हर नाही. तुमच्या बाटल्यांनी कदाचित काहीच होत नसेल. कदाचित होत असेल. पण जो माणूस काकांच्या पोटावर सुरी धरणार आहे, त्याला तरी कळायला हवं ना, आत काय काय जातंय?"

काकू वळल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज चिडलेला होता.

"मग त्या दिवशी हे का नाही म्हणालीस? की तुलाही माहीत नाही? सगळं माहीत असल्यासारखी उभी राहून भाषण देत होतीस. माहीत असणारे मला रोज फोन करतात. वन्संना माहीत आहे, भावजींना माहीत आहे. माहीत नाही म्हणणारी तू पहिली."

सेन्सेई तेवढ्यात लाडू खात आत डोकावले आणि आमचे चेहरे बघून तसेच मागे गेले. काका म्हणाले, "बिचाऱ्याला वाटलं लाडवावरून भांडण चाललंय."

पुढच्या भेटीला मी दुभाषी म्हणून हॉस्पिटलमध्ये बरोबर गेले. गाठ आक्रसली होती. ऑपरेशनची तारीख द्यायला डॉक्टर तयार होते. तरुण होते, थकलेले दिसत होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणखी काही घेता का? मी भाषांतर करायच्या आत काकूंनी पिशवी उघडली आणि एकेक बाटली टेबलावर मांडली. सासरच्या डावीकडे, माहेरच्या उजवीकडे.

डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. पट्टीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, ही देवनागरी अक्षरं कशाची, औषधाची नावं का?

"नाही. ही नणंद आहे. हे थोरले दीर. हे ऑफिस."

त्यांनी औषधतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्या दोघांनी प्रत्येक बाटली उचलून वाचली, दोन पुड्यांचा तर काही पत्ताच लागेना. मग डॉक्टर हळूहळू बोलू लागले आणि मी सांगत गेले. ऑपरेशन होईपर्यंत यातलं काहीच नको. यातल्या काहींनी रक्त थांबायला वेळ लागू शकतो. तुमच्या यजमानांची गाठ रक्तवाहिनीजवळ आहे. तिथे रक्त थांबलं नाही तर आम्ही अडचणीत येऊ. आणि शेवटी ते खुर्चीतच वाकून म्हणाले, सांगितल्याबद्दल फार आभार.

काकूंनी मला कोपराने ढोसलं. "आभार मानतोय? चिडला नाही?"

"मानतायत, काकू. डॉक्टर आहेत ते."

"तुझ्याहून थोडा मोठा असेल. बारीक झालाय. लाडू आणायला हवे होते."

घरी आल्यावर काकूंनी ठाण्याला फोन लावला. मी कान टवकारून बसले. आता काय सांगतात? "वन्सं, तुमची बाटली जपानच्या सर्जनने स्वतः हातात घेऊन वाचली हो! ऑपरेशनपर्यंत थांबवायला सांगितलीय, रक्ताचं आहे म्हणून." पलीकडून अभिमानाचा आवाज मला खोलीच्या टोकाला ऐकू आला. मग भावजी, मग मावशी. कुणालाही वाईट वाटलं नाही. एवढी वर्षं मी आणि बाबा पत्रकं वाटतोय, आणि एक माणूस न दुखावता बाटली फळीवरून उतरवायची युक्ती आम्हाला कधी सुचली नव्हती.

ऑपरेशन झालं. लांबलं, पण झालं. काका शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य म्हणाले ते, "एक्सप्रेस मिळाली का?" गाठीचा एक कण संशोधनाला द्यायच्या कागदावर त्यांनी आधीच सही करून ठेवली होती. त्यांचे गोळे कुठल्या लॅबमध्ये वाढतायत मला माहीत नाही, माहीत असायलाही नको. पण आता कुठलीही नवी डिश उघडताना मी मनात आधी विचारते, तुला खायला काय घातलंय?

आजाराचं पुढे काय होईल हे छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. काकांचा मागचा स्कॅन स्वच्छ आला. वसंतात ते दोघं क्योतोला आले आणि कामो नदीच्या काठाने चालले. काका दर बाकावर बसत होते, काकू दर बाकावर त्यांना उठवत होत्या. आमच्या लॅबमध्ये गोळ्यांच्या द्रवाची कृती आता भिंतीवर लावली आहे, आणि प्रत्येक पदार्थापुढे तो का घालतो हेही लिहिलं आहे. दोन ठिकाणी लिहिलंय, 'माहीत नाही'. सेन्सेईंनी ते पुसलं नाही.

बाबांनीही शेवटी 'माहीत नाही' या मथळ्याचं ते पत्रक काढलं. बाबांच्या पत्रकांत शेवटी नेहमी एक मागणी असते, आणि ती मी इथे तुमच्याकडे करते. तुमच्या घरात उपचार चालू असलेलं कुणी असेल तर आज उठा, फळीवर, फ्रीजमध्ये, देवघरात जिथे जिथे ठेवल्या असतील तिथून सगळ्या बाटल्या, पुड्या, डब्या एका पिशवीत भरा. काहीही टाकू नका, कुणाशी भांडू नका. पुढच्या भेटीला ती पिशवी न्या आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत त्यांच्या टेबलावर रिकामी करा. ते चिडले तर चिडू द्या. प्रत्येक बाटली वाचून होईपर्यंत खुर्चीतून उठू नका.